सरकारी कलादालनाचा कायमस्वरूपी संग्रह कसा तयार होतो?

मुंबईत रीगल सिनेमाजवळच्या सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. तिथे पाहिलेलं एखादं चित्र पुढच्या वेळी दिसलं नाही, असं तुमच्याही बाबतीत झालं असेल. प्रदर्शनातली चित्रं बरेचदा उसनी आणलेली असतात आणि परत जातात. कायमस्वरूपी संग्रहातली चित्रं मात्र संस्थेच्या, म्हणजे पर्यायाने जनतेच्या मालकीची असतात. त्यांची नोंदवहीत क्रमांकासह नोंद होते. चित्र कुणाचं, कोणत्या माध्यमातलं, विकत घेतलं की देणगी, सगळं तिथे सापडतं.

दिल्लीचं मूळ संग्रहालय १९५४ मध्ये जयपूर हाऊसमध्ये सुरू झालं. आज तिथे १७ हजारांहून जास्त कलाकृती आहेत. भिंतीवर एका वेळी त्यातल्या थोड्याच मावतात, बाकीच्या कोठारात.

देणगीचं मोल

अमृता शेरगिल १९४१ मध्ये अवघ्या २८व्या वर्षी गेली. तिची बरीच चित्रं वडील उमराव सिंग आणि पती व्हिक्टर एगन यांच्याकडून दिल्लीच्या संग्रहात आली. आज ती बाजारातून घ्यायची म्हटलं तर? तिचं १९३७ सालचं 'द स्टोरी टेलर' २०२३ मध्ये लिलावात ६१.८ कोटींना गेलं.

म्हणूनच समकालीन कला वेळेवर, म्हणजे कलाकार तरुण असतानाच घ्यावी लागते. मुंबईत हे होमी भाभांनी ओळखलं होतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बांधकाम खर्चातला एक टक्का कलेसाठी वापरायची परवानगी त्यांनी नेहरूंकडून मिळवली आणि हुसेन, गायतोंडे यांची चित्रं घेतली. वासुदेव गायतोंडेंच्या चित्रांना आता कोट्यवधींचा भाव आहे. पण ही संशोधन संस्था आहे, कलादालन नव्हे, त्यामुळे आपल्यासारख्यांना ती चित्रं सहज पाहता येत नाहीत.

पैसा जनतेचा, मग ओरड होणारच

सगळ्यात गाजलेलं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. १९७३ मध्ये तिथल्या राष्ट्रीय कलादालनासाठी जॅक्सन पोलॉकचं 'ब्लू पोल्स' १३ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरला घेतलं गेलं. तेव्हा कलादालनाची इमारतही उभी राहिली नव्हती. संचालक जेम्स मॉलिसन यांना दहा लाखांवरच्या खरेदीचा अधिकार नव्हता, म्हणून फाईल पंतप्रधान गॉफ व्हिटलॅम यांच्याकडे गेली. त्यांनी मंजुरी दिलीच, वर किंमत जाहीर करायला लावली. मग काय, वृत्तपत्रं तुटून पडली. दारुड्यांनी अनवाणी रंगवलेलं चित्र, अशा आशयाचा मथळाही छापून आला. व्हिटलॅम इतके बेफिकीर की त्यांनी तेच चित्र आपल्या नाताळच्या शुभेच्छापत्रावर छापलं!

२०१६ मध्ये त्याची किंमत सुमारे ३५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर धरली गेली, तेव्हा एका सिनेटरने ते विकून देशाचं कर्ज कमी करा, असं सुचवलं. चित्र विकलं गेलं नाही. अर्थात, भाव वाढला म्हणून निवड योग्य ठरते असं नाही. घेतलेली कित्येक चित्रं पुढे विस्मरणात जातात आणि हा धोका टाळता येत नाही. निवड एकाच माणसाच्या आवडीवर राहू नये म्हणून सहसा समिती नेमतात. पण समितीला जितके जास्त लोक खूश ठेवायचे, तितकी निवड बेचव होते, हेही खरं.

व्हिडिओ 'विकत घेणं' म्हणजे काय?

तैलचित्र गाडीत घालून आणता येतं. व्हिडिओ किंवा मांडणशिल्प घेताना हातात येते फाईल, प्रमाणपत्र आणि ते कसं मांडायचं याच्या सूचना. प्रोजेक्टर कालबाह्य झाला तर नवा चालेल का, हे कलाकाराला आधीच विचारून लिहून ठेवावं लागतं. शिवाय मालकी आली म्हणजे कॉपीराइट येतोच असं नाही. भारतात तो वेगळा लिहून दिला नसेल तर साधारणपणे कलाकाराकडेच राहतो, त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत. त्यामुळे संग्रहातल्या चित्राचं पोस्टकार्ड छापायचं झालं तरी कलादालनाला कलाकाराची किंवा त्याच्या वारसांची परवानगी घ्यावी लागू शकते.