उंढेऱ्याचा तक्ता

रोगसंशोधनाचे कागद इतिहासाच्या साधनांत मोडत नाहींत, असा समज संग्राहकांत आढळतो. तो कितपत टिकतो हें पाहण्यासाठीं एका तक्त्याचा विचार आम्ही येथें करीत आहों.

इ. स. १८९६ त मुंबईंत ग्रंथिक सन्निपाताची सांथ उद्भवली. जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन ह्यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत प्रतिबंधक लस सिद्ध करून ता. १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्याचे अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत सांथ शिरली, तेव्हां राजीखुशीनें पुढें आलेल्या कैद्यांस ती टोचण्यांत आली. न टोचलेल्यांत १२ आजारी पडून ६ दगावले. टोचलेल्यांत, त्याच दिवशीं रोगग्रस्त ठरलेले वगळतां, २ आजारी पडले व दोघेही वांचले. परंतु जे आपण होऊन पुढें आले ते मूळचेच अधिक धडधाकट नसतील कशावरून?

ह्या शंकेचें उत्तर बडोदें संस्थानांतील उंढेरा गांवीं मिळतें. तेथें फेब्रुवारी १८९८ त हाफकिन व बॅनरमन ह्यांनीं शिरगणतीवरून प्रत्येक कुटुंबाचे, वय व प्रकृति पाहून, शक्य तितके सारखे दोन भाग पाडिले. एकास लस टोचली, दुसरा तसाच ठेविला. पुढें २८ कुटुंबांत रोग शिरला. त्यांतील टोचलेल्या ७१ इसमांपैकीं ८ आजारी पडून ३ वारले. न टोचलेल्या ६४ पैकीं २७ आजारी पडून २६ वारले. घर एक, चूल एक. भेद काय तो लशीचा. एकाच मूळ प्रतीवरून उतरलेल्या दोन पोथ्या ताडून पाहाव्या, तशीच ही ताडणी होय.

तींत उणीव नाहीं असें नव्हे. वाटणी नजरेच्या अंदाजानें झाली होती. चिठ्ठ्यांच्या धर्तीवर निवड करण्याची शिस्त लंडनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनें क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या चांचणींत, १९४७ त, घालून दिली. शिवाय, लशीची योग्यता ज्या रकान्यानें ठरली तो वगळलेल्यांचा आहे, व त्याची किंमत २६ जिवांनीं दिली, हें विसरतां येत नाहीं.

हाफकिन ह्यांची प्रयोगशाळा १८९९ त परळास गेली व १९२५ पासून त्यांच्या नांवानें ओळखली जाऊं लागली. लशीचें श्रेय असें नांवारूपास आलें. न टोचलेल्यांची आठवण मात्र कागदांतच आहे. सबब, जुन्या दफ्तरांत सांथीच्या काळचीं टोचणीचीं वा मृत्यूंचीं टिपणें आढळल्यास तीं रद्दींत न टाकतां सनदांइतक्याच काळजीनें जतन करावीं, अशी संग्राहकांस आमची विनंति आहे.