तिरकी चेतक आणि तीन कोनांचं इंजिन

बरीच वर्षं उभी असलेली गाडी चालू होत नसली की आपल्याकडे निकाल फार लवकर लागतो. "इंजन गेलं." एवढं ऐकलं की पुढची पायरी थेट भंगारवाला. आज लिहायचंय ते या दोन शब्दांबद्दल, आणि दोन इंजिनांबद्दल. एक आकुर्डीचं, दुसरं हिरोशिमाचं. वरवर पाहता एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण दोघांचा आजार एक, तपासणी बरीचशी एक, आणि गंमत म्हणजे शेवटही जवळपास सारखाच झाला.

आधी आकुर्डी. इटलीच्या पियाजिओशी करार करून बजाजने साठच्या दशकाच्या सुरुवातीला इथे व्हेस्पा बनवायला घेतली. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन 'चेतक' आली. परमिट राजचा काळ. उत्पादनाला सरकारी मर्यादा आणि मागणी अफाट, त्यामुळे नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची! १९८५ मध्ये औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर) वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि बजाज हे नाव मराठवाड्यात गाडीबरोबरच पगाराच्या स्लिपवरही दिसायला लागलं.

इतक्या वर्षांनी मिळालेली स्कूटर लोक जिवापाड जपायचे. जपता जपता तिचं डॉक्टरही व्हायचे. प्लग काढून पुसणं घरातल्या शाळकरी पोरालाही यायचं. आणि ते जगप्रसिद्ध तिरकं करणं! सकाळी गाडी एका अंगाला कलती करायची, मग किक. बघणाऱ्याला ते टोटका वाटायचं, पण त्यामागे साधं शास्त्र आहे. कलती केली की कार्बोरेटरमधलं पेट्रोल सरकतं आणि थंड इंजिनाला पहिल्या किकला जरा जास्त पेट्रोल मिळतं.

आता हिरोशिमा. फेलिक्स वँकेल या जर्मन माणसाच्या कल्पनेवरचं पहिलं इंजिन १९५७ मध्ये एनएसयू कंपनीत चाललं. यात वर-खाली होणारा पिस्टन नाही. फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर आत गरगर फिरतो. त्याच्या तिन्ही टोकांना सील असतात आणि ती कायम भिंतीला घासत राहतात. सगळी मेख तिथेच. एनएसयूच्या १९६७ च्या 'रो ८०' गाडीची सील लवकर झिजायची, वॉरंटीच्या खर्चाने कंपनी खिळखिळी झाली आणि १९६९ मध्ये दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. जपानच्या माझदालाही तेच दुखणं होतं. भिंतीवर उमटणाऱ्या ओरखड्यांना तिथले इंजिनिअर सैतानाची नखं म्हणायचे. केनिची यामामोतोंच्या टीमने सीलचं द्रव्य बदलत बदलत मार्ग काढला, १९६७ मध्ये 'कॉस्मो स्पोर्ट' विकायला आणली, १९७८ मध्ये 'आरएक्स-७', आणि १९९१ मध्ये याच जातीच्या इंजिनाने ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली.

चेतकचा यात काय संबंध? तर दोन्ही इंजिनं पेट्रोलबरोबर तेलही जाळतात. चेतकमध्ये आपण टाकीतच टू-टी ऑइल घालायचो, लिटरला वीसेक मिली. रोटरी इंजिनात एक छोटा पंप सीलपर्यंत तेल पोचवतो. दोन्हींचा जीव त्या तेलाच्या पातळ थरावर आणि सीलवर. गाडी उभी राहिली की नेमक्या याच दोन गोष्टी बिघडतात. तेल निथळून जातं किंवा चिकट होतं. पेट्रोलचा हलका अंश उडून जातो आणि जेटमध्ये डिंकासारखा थर उरतो. आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये भर अशी की ते हवेतला ओलावा ओढून घेतं.

रोटरी गाडीच्या बाबतीत पुढचं नाटक बघण्यासारखं असतं. चालू होत नाही म्हणून माणूस सेल्फ मारत राहतो. प्रत्येक वेळी आत पेट्रोल जातं. ते पेट्रोल भिंतीवरचं तेल धुऊन काढतं. तेल गेलं की सीलमधून दाब निसटतो, दाब नाही म्हणून गाडी चालू होत नाही, म्हणून पुन्हा सेल्फ! शेवटी इंजिन मेल्यासारखं दिसतं, पण बरेचदा ते फक्त पेट्रोलने माखलेलं असतं. पेट्रोल बंद करा, प्लग काढून इंजिन फिरवा, आत थोडं तेल सोडा, मग दाब मोजा. त्यातही एक फसवणूक आहे. रोटरला तीन बाजू. पिस्टनच्या इंजिनाला लावतात ते साधं मीटर तिघींतला सगळ्यात चांगला आकडा धरून ठेवतं, त्यामुळे एक बाजू पूर्ण गेली तरी काटा म्हणतो सगळं आलबेल. तिन्ही ठोके वेगळे बघावे लागतात. सर्व्हरचे आलेख बघणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

हे सगळं मला आठवलं ते काकांच्या चेतकमुळे. गंगाखेडला आमच्या वाड्याच्या ढाळजेत ती २०११ पासून उभी होती. वर्षानुवर्षं गंगाखेड-परभणी केलेली गाडी. गोदाकाठचे इतके पावसाळे तिने जागेवरच काढलेले. गावातल्या एका मेकॅनिकने कार्बोरेटर साफ करून चालू केली, तर रेस न देताच सुसाट पळायची, ढगभर पांढरा धूर सोडायची आणि बंद पडायची. निकाल आला, "इंजन गेलं. बोर करावा लागल, नाहीतर भंगारात घाला." काका काहीच बोलले नाहीत, पण त्या दिवशी जेवले नाहीत नीट.

मग परभणीचे एक जुने मिस्त्री आले. त्यांनी पाना उचलण्याआधी क्रम लावला. करंट, पेट्रोल, कॉम्प्रेशन. प्लग काढून हेडला टेकवला, किक मारली, निळी ठिणगी. टाकी आणि पाइप नवे पेट्रोल घालून बघितले. प्लगच्या भोकावर अंगठा धरून किक मारायला लावली, अंगठा उडाला. म्हणजे पिस्टन-रिंगा ठीक. मग त्यांनी गिअर ऑइल बघितलं, ते कमी झालं होतं. "हा धूर टू-टीचा नाही मालक, गिअर ऑइल जळतंय."

टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, म्हणून ती हवाबंद लागते. क्रँकच्या दोन टोकांची रबरी सील वर्षानुवर्षं उभं राहून कडक झाली होती. एकीकडून हवा शिरत होती, म्हणून गाडी सुसाट. दुसरीकडून गिअर ऑइल, म्हणून धूर. इंजिन उतरवलं, दोन सील बदलली. बोर नाही की पिस्टन नाही. चौथ्या किकला चेतक चालू झाली आणि संथ लयीत फटफटत राहिली. काकांनी सवयीने आधी ती तिरकी केली होती, हे सांगायला हवंच :)

तेल जाळणाऱ्या या दोन्ही इंजिनांना शेवटी धुराच्या नियमांनीच गाठलं. टू-स्ट्रोक चेतक गेली, आणि डिसेंबर २००९ मध्ये बजाजने स्कूटर बनवणंच थांबवत असल्याचं जाहीर केलं. माझदाची 'आरएक्स-८' २०१२ मध्ये थांबली. मग दोघंही परतले ते विजेच्या दारातून. २०२० मध्ये चेतक विकायला आली ती बॅटरीवर, आणि २०२३ मध्ये माझदाने रोटरी इंजिन पुन्हा आणलं ते फक्त वीज तयार करायला.

नव्या चेतकला ना प्लग, ना किक. बिघडली तर कंपनीचा माणूस लॅपटॉप जोडणार आणि पडद्यावर कोड उमटणार. सोय आहेच, मी स्वतः तसलेच कोड लिहून पोट भरतो. पण पडद्यावर "इंजन गेलं"च्या जोडीचं एखादं वाक्य आलं, तर कुठे अंगठा धरून बघायचं हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असेल?