गर्भनिश्चिती : लक्षणापासून पुराव्यापर्यंत

स्त्रीस गर्भ राहिला आहे किंवा नाही, हा प्रश्न जितका घरचा तितकाच राजदरबारचा आहे. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त गर्भिणीस, तसेच प्रसूतीस महिना न झालेल्या स्त्रीस, चौकशीसाठी यातना देऊ नयेत असा स्पष्ट निर्बंध आहे. परंतु ज्या काळी हा निर्बंध घातला गेला, त्या काळी गर्भिणी कोणास म्हणावे हे ठरविण्याचे साधन कोणते होते? निर्बंध आधी आला आणि खात्रीचे साधन सुमारे दोन सहस्र वर्षांनी आले. या मधल्या अंतराचा इतिहास हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्राचीन वैद्यकाचा आधार लक्षणांवर होता. आर्तव थांबणे, अन्नावरील वासना उडणे, तोंडास पाणी सुटणे, ओकारी व ग्लानी ही चिन्हे चरक व सुश्रुत यांच्या संहितांत आली आहेत. चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते व त्यामुळे स्त्री ‘द्विहृदया’ होते, असे सुश्रुतसंहिता सांगते. ‘दौहृद’, ‘दोहद’, प्राकृत ‘दोहल’ आणि मराठी ‘डोहाळे’ ही शब्दमालिका याच कल्पनेभोवती फिरते. ज्या पैठणच्या परिसराशी ‘गाथासप्तशती’चा संबंध परंपरेने जोडला जातो, तो हर्सूलपासून फार दूर नाही. त्या संग्रहातील एका गाथेत दरिद्री घरची गृहिणी, डोहाळे विचारले असता, पतीस संकोच पडू नये म्हणून केवळ पाणी मागते. डोहाळे हे येथे लक्षण आहेच. पण ते बोलून दाखवावयाचे की दडवावयाचे, हे त्या स्त्रीच्याच हाती आहे.

बोलीतील शब्दही हेच सांगतात. ‘पोटुशी’ व ‘गरोदर’ हे शब्द शरीराकडे बोट दाखवितात. ‘तिला दिवस गेले’ हा प्रयोग कालगणनेवर आधारलेला आहे. ‘दोन जिवांची’ हा शब्दप्रयोग तर ‘द्विहृदये’चा सख्खा भाऊ शोभावा. या सर्वांत स्त्री वाक्याच्या केंद्रस्थानी आहे. ज्ञान तिच्यापासून निघते आणि तिच्या सांगण्याने घरात पसरते.

मूत्रावरून गर्भ ओळखण्याचा प्रयत्नही जुना आहे. इजिप्तमधील प्राचीन पपायरसांत गहू व जव स्त्रीच्या मूत्राने भिजवून ते उगवतात की काय हे पाहण्याची रीत नोंदलेली आहे. १९६३ साली ही रीत प्रयोगाने पडताळून पाहण्यात आली. तेव्हा गर्भवती स्त्रियांच्या मूत्राने सुमारे ७० टक्के वेळा धान्य उगवले. जवावरून मुलगा व गव्हावरून मुलगी ओळखण्याचा जो भाग होता, तो मात्र खरा ठरला नाही.

इंग्लंडच्या कायद्यात या प्रश्नास निराळेच वळण लागले. देहदंड झालेल्या स्त्रीने आपण गर्भवती असल्याचे सांगितल्यास प्रौढ स्त्रियांचे पंचमंडळ तिची तपासणी करी. गर्भाची हालचाल जाणवत असेल तरच शिक्षा लांबणीवर पडे. ही हालचाल साधारणतः चौथ्या-पाचव्या महिन्यात जाणवते. म्हणजे त्यापूर्वीचा गर्भ कायद्याच्या दृष्टीने जणू नव्हताच. ही पद्धती १९३१ च्या कायद्याने संपुष्टात आली.

तोवर बर्लिनमध्ये सेल्मार आश्हाइम व बर्नहार्ट त्सोंडेक यांनी १९२७-२८ मध्ये नवी वाट पाडली होती. गर्भवतीचे मूत्र अपरिपक्व उंदरिणींना टोचावयाचे, सुमारे पाच दिवसांनी त्यांना मारून अंडाशय पाहावयाचे. ते वाढून त्यात रक्ताळलेले पुटक आढळले तर गर्भ निश्चित. १९३१ मध्ये अमेरिकेत फ्रीडमन व लॅपहॅम यांनी उंदरिणीच्या जागी सशाची मादी घेतली आणि दोन दिवसांत उत्तर मिळू लागले. ससा मेला म्हणजे स्त्री गर्भवती, ही पुढे रूढ झालेली समजूत चुकीची होती; उत्तर काहीही असो, अंडाशय पाहण्यासाठी ससा मारावाच लागे. दक्षिण आफ्रिकेतील झेनोपस या बेडकीने हा संहार थांबविला. ती अंडी घालून एका दिवसाच्या आत उत्तर देई आणि पुन्हा उपयोगास येई. १९४७ मध्ये अर्जेंटिनातील गाल्ली माइनीनी यांनी नर भेकाचा उपयोग सुचविल्यावर भारतातील प्रयोगशाळांना परदेशी प्राण्याची गरज उरली नाही. येथील सामान्य भेक हेच काम काही तासांत करी.

या सर्व चाचण्यांमागील द्रव्य एकच : गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजल्यावर भावी वारेच्या पेशींतून स्रवणारे ‘एच्‌सीजी’ हे संप्रेरक. १९६० मध्ये स्वीडनमधील वीडे व गेम्झेल यांनी प्रतिपिंडांच्या साहाय्याने ते थेट ओळखण्याची रीत दिली आणि प्राण्यांची गरज संपली. तथापि एक अडचण होती. या संप्रेरकाचा अर्धा भाग पोषग्रंथीच्या इतर संप्रेरकांसारखाच असतो. त्यामुळे अल्प प्रमाणात त्यांची गल्लत होई. १९७२ मध्ये वैटुकायटिस, ब्राउनस्टाइन व रॉस यांनी त्याचा वेगळा असणारा ‘बीटा’ भाग रक्तात मोजून दाखविला. आरंभीच्या आठवड्यांत त्याचे प्रमाण दोन-तीन दिवसांत दुपटीच्या घरात जाते. म्हणून मूत्राची चाचणी ‘आहे की नाही’ एवढेच सांगते. रक्ताची मोजणी ‘किती’ हे सांगते. दोन दिवसांच्या अंतराने केलेल्या मोजणीत अपेक्षित वाढ न दिसल्यास गर्भपाताची किंवा गर्भाशयाबाहेरील गर्भाची शंका घेता येते.

याच काळात एक घातक आडवाटही रूढ झाली होती. संप्रेरकांच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या देऊन पाळी येते का हे पाहणे, हीच चाचणी समजली जाई. या गोळ्या व अर्भकातील व्यंगे यांच्या संबंधाविषयी १९६७ मध्ये शंका उपस्थित झाली. भारतात १९८२ मध्ये त्यांवर बंदीचा आदेश निघाला, उत्पादकांनी न्यायालयांतून स्थगिती मिळविली आणि १९८८ मध्ये बंदी कायम झाली. मूत्राचे चार थेंब पुरेसे असताना स्त्रीच्या देहावरच प्रयोग चालू राहिला, ही गोष्ट केवळ वैद्यकाच्या इतिहासात नोंदवून सोडण्यासारखी नाही.

आता हर्सूलकडे वळणे इष्ट ठरेल. छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेस असलेले हे जुने गाव आज महानगरात सामावले आहे आणि तेथील मध्यवर्ती कारागृहामुळे त्याचे नाव सर्वतोमुखी आहे. स्त्री कैद्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली आर. डी. उपाध्याय खटल्यात जे निर्देश दिले, ते देशातील सर्व कारागृहांना लागू आहेत. प्रवेशसमयी स्त्री गर्भवती असल्याचे दिसल्यास वा तशी शंका आल्यास जिल्हा रुग्णालयात तपासणी करून गर्भावस्था व प्रसूतीचा संभाव्य दिवस निश्चित करावा, असे त्यांत सांगितले आहे. देहदंड झालेली स्त्री गर्भवती आढळल्यास उच्च न्यायालयाने ती शिक्षा जन्मठेपेत बदललीच पाहिजे, ही तरतूद २००८ च्या दुरुस्तीने आली. तोवर शिक्षा केवळ लांबणीवर टाकणे बंधनकारक होते. कौटिल्याच्या निर्बंधास जे साधन लाभले नव्हते, ते अशा रीतीने आजच्या कायद्याच्या हाताशी आहे. हालचाल जाणवेपर्यंत थांबण्याचे आता कारण नाही. पाळी चुकताच खात्री होऊ शकते.

मात्र भाषेतील बदल नजरेआड करता येत नाही. ‘तिला दिवस गेले’ या वाक्यात ती आहे. ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आला’ या वाक्यात रिपोर्ट आहे, ती नाही. पुरावा बळकट झाला तसतशी साक्ष देणारी मागे सरली. ग्रामीण भागात आशा कार्यकर्तीकडून मिळणारी ‘निश्चय’ ही मूत्रपट्टी या दृष्टीने महत्त्वाची आहे. प्रयोगशाळेतील ज्ञान तीत काही मिनिटांत स्त्रीच्या हाती परत येते. कोणास सांगावयाचे, केव्हा सांगावयाचे, हे तिला पुन्हा ठरविता येते. कारागृहातील स्त्रीस ही मुभा नाही. तिच्या बाबतीत निष्कर्ष प्रथम कागदावर येतो. तेथे लक्षण सांगणाऱ्या स्त्रीचा शब्द शंका म्हणून तरी तत्काळ नोंदला जातो किंवा नाही, यावरच पुढची सारी तपासणी अवलंबून राहते. पुरावा कितीही अचूक असला तरी त्याचा आरंभ आजही तिच्या सांगण्यातच आहे.