आधीच लावलेली झाडं



गेल्या वर्षी आम्ही साताऱ्याजवळ एक जुनं घर घेतलं. मागे पाच गुंठ्यांची बाग आहे. आधीच्या मालकांनी काय लावलं, त्याची कुठेच नोंद नव्हती. माळीदादा म्हणाले, "ताई, सगळं साफ करू, मग हवं ते लावा." घरात ठराव झाला, परदेशी झाडं काढायची आणि देशी लावायची. सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षं काढल्यावर एक सवय लागते. दुसऱ्याने लिहिलेला जुना कोड हाती आला की आधी तो वाचायचा, मग हात लावायचा. म्हणून म्हटलं, एक वसंत जाऊ द्या.

फाल्गुनात कोपऱ्यातला एक खुंट वाळलेला वाटत होता. चैत्रात त्याच्या बोथट टोकांवर पांढऱ्या फुलांचे गुच्छ आले. तो खुरचाफा निघाला. आपण तो देवळाच्या अंगणातच पाहत आलो, पण त्याचं मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत. 'प्लुमेरिया' हे शास्त्रीय नाव शार्ल प्लुमिए (१६४६–१७०४) या फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञावरून पडलं. शेजारची पपई अमेरिकेतलीच. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्यानंतर अशी कितीतरी झाडं समुद्रमार्गे इकडे आली. सीताफळही तिकडचंच, पण आपण त्याला थेट सीतेचं नाव देऊन टाकलं!

कुंपणावरच्या बोगनवेलीची हकिकत तर ऐकण्यासारखी आहे. १७६७ मध्ये बूगँव्हिलच्या फ्रेंच मोहिमेतल्या कोमेर्सों या शास्त्रज्ञाने ती रिओ दी जानेरोजवळ गोळा केली. त्याची मदतनीस होती जान बारे. फ्रेंच नौदलाच्या जहाजावर स्त्रियांना मनाई होती, म्हणून ती पुरुषवेशात वावरत होती. पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारी पहिली ज्ञात स्त्री तीच. वेलीला नाव मात्र मोहिमेच्या प्रमुखाचं मिळालं.

मग परदेशी म्हणून सगळंच काढायचं का? बांधावर घाणेरी माजली होती. तीही अमेरिकेतली, इंग्रजांच्या काळात शोभेसाठी आणलेली. आज ती रानंच्या रानं व्यापते आणि खाली दुसरं काही उगवू देत नाही. ती मुळासकट काढली. तिच्या जाळीतून बहाव्याचं एक रोप मोकळं झालं, अस्सल इथलं. खुरचाफा, सीताफळ, पपई, बोगनवेल मात्र राहिली. झाड कुठून आलं यापेक्षा ते शेजाऱ्यांशी कसं वागतं, हे पाहून आम्ही निवड केली.

आपल्या वर्गातले कितीतरी जण आज परमुलखात रुजले आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

खुरचाफ्याची फांदी कापून आठवडाभर सावलीत सुकवली, चीक आटू दिला, की सहज लागते. मेळाव्याला पिशवीभर फांद्या आणते आहे. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी एकेक घेऊन जावी.