बुळकांडी नावाचा विसरलेला रोग

मागच्या उन्हाळ्यात नमुने गोळा करायला शिरूर-दौंड भागात फिरत होते. एका गोठ्यात आजोबांना विचारलं, गुरांचा सगळ्यात वाईट रोग कोणता? "बुळकांडी. दावणच्या दावण रिकामी व्हायची." शेजारच्या नातवाने मात्र हा शब्दच ऐकला नव्हता.

बुळकांडी म्हणजे रिंडरपेस्ट. विषाणूमुळे होणारा रोग. ताप, तोंडात फोड, मग हगवण. आणि बैल गेला की पेरणीही गेली. इंग्रज सरकारने गुरांच्या रोगांवर संशोधनासाठी 1889 मध्ये इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी काढली, ती आपल्या पुण्यात. घातक जंतूंवरचं काम वस्तीपासून लांब हवं म्हणून 1893 मध्ये ती कुमाऊंमधल्या मुक्तेश्वरला हलवली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच. मुंबईत परळच्या कॉलेजात 1886 पासून पशुवैद्य घडत होतेच.

पण लस प्रयोगशाळेत तयार झाली म्हणजे रोग संपला असं नसतं. 1954 पासून देशभर मोहीम चालली. लस थंड ठेवायची, गावोगाव न्यायची, बिथरलेलं जनावर धरून टोचायची आणि "सुईने गाय आटेल" म्हणणाऱ्या मालकाला समजवायचं. भारतातली शेवटची नोंद 1995 ची. 2011 मध्ये जग बुळकांडीमुक्त जाहीर झालं. देवीनंतर माणसाने संपवलेला हा दुसराच रोग.

2022 मध्ये लम्पी आला, तेव्हा गुरांचे डॉक्टर पुन्हा गोठोगोठी फिरले. न आलेल्या रोगाबद्दल आभार कोण मानणार? त्या नातवाला शब्द माहीत नव्हता, हीच त्यांची कमाई.