गोतसाक्षीपासून सात-बारापर्यंत : जमिनीच्या हक्काच्या तपासणीचा इतिहास

जमीन विकत घेणाऱ्यास विक्रेत्याकडून नेमके काय प्राप्त होते, हा प्रश्न वरवर सोपा भासतो. वस्तुतः जमीन ही एका हातातून दुसऱ्या हातात देता येणारी वस्तू नव्हे. ती जागच्या जागी राहते. बदलतो तो तिच्यावरील हक्क. हा हक्क डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याची साक्ष कोणीतरी द्यावी लागते. ती कोणी द्यावयाची, याचे उत्तर महाराष्ट्रात कालमानाने बदलत गेले. आजच्या खरेदीदाराच्या अडचणींचे मूळ या बदलातच शोधले पाहिजे.

मराठेशाहीत जमीन कसणाऱ्यांचे मिरासदार आणि उपरी असे दोन मुख्य वर्ग होते. उपरी हा कराराने जमीन करी. मिरासदाराचा हक्क मात्र वंशपरंपरागत असून त्यास तो विकता येई. मिरासीच्या विक्रीचे पत्र होई तेव्हा त्यात चतुःसीमा लिहिल्या जात आणि आपल्या भाऊबंदांनी पुढे कथळा केल्यास त्याचे निवारण आपण करू, अशी हमी विक्रेता देई. पत्रावर पाटील, कुलकर्णी, बलुतेदार व शेजारी यांची साक्ष पडे. ज्यास लिहिता येत नसे तो आपल्या व्यवसायाची निशाणी करी. पाटलाचा नांगर हे तिचे सुपरिचित उदाहरण होय. या साक्षींचा अर्थ केवळ औपचारिक नव्हता. ज्यांची हरकत निघू शकेल अशी माणसेच साक्षीदार म्हणून बसविली जात. त्यामुळे पत्र लिहिण्याचा प्रसंग हाच हक्काच्या तपासणीचाही प्रसंग ठरे.

तंटा उपस्थित झाला तर तो गोतसभेपुढे जाई. निर्णयाचा महजर होई, हरलेल्या पक्षाकडून येजितखत लिहून घेतले जाई आणि जिंकणाऱ्यास सरकारात हरकी वा शेरणी भरावी लागे. या व्यवस्थेचे गौरवीकरण करण्याचे मात्र कारण नाही. परागंदा झालेला मिरासदार दीर्घ काळानंतर परतून आपली जमीन मागू शके. साक्ष निर्णायक न ठरल्यास दिव्याचा आश्रय घेतला जाई. आणि गोतातील वजनदार माणसापुढे दुबळ्याची साक्ष कितपत टिकत असेल, हा प्रश्नच आहे. तथापि एक गोष्ट स्पष्ट आहे. सीमा, वहिवाट, वारसा आणि पूर्वीचे व्यवहार या चारही बाबींचे ज्ञान त्या काळी एकाच सभेत एकत्र येत असे.

१८१८ मध्ये पेशवाईचा अंत झाल्यावर ही एकत्रता हळूहळू भंगली. नव्या राज्यकर्त्यांचा मुख्य प्रश्न जमीन कोणाची हा नव्हता, तर सारा कोणाकडून वसूल करावयाचा हा होता. प्रिंगलच्या पाहणीचा प्रयोग फसल्यानंतर १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी नवी पाहणी आरंभिली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिची तत्त्वे निश्चित केली आणि १८६५ च्या मुंबई पाहणी कायद्याने व १८७९ च्या जमीन महसूल संहितेने त्यांस कायद्याचे रूप दिले. प्रत्येक शेतास सर्व्हे नंबर मिळाला, बांधाच्या निशाण्या ठरल्या, नकाशे तयार झाले. शेत कोठे आहे, याविषयीचा संशय यामुळे पुष्कळसा दूर झाला. पण त्या नंबरापुढे जे नाव लिहिले गेले ते सारा भरण्यास जबाबदार असणाऱ्या खातेदाराचे होते. एकत्र कुटुंबात ते बहुधा वडील भावाचे असे, आणि इतर भावांचा हिस्सा त्या नावामागे झाकला जाई.

दुसरीकडे, व्यवहाराची साक्ष दस्तऐवजाकडे गेली. तो केवढा प्रभावी झाला होता याचा प्रत्यय मे १८७५ मध्ये सुपे येथून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांत आला. शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकारांच्या दप्तरातील रोख्यांवर होता; ते हिसकावून जाळण्यात आले. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराच्या विक्रीस नोंदणीकृत दस्त आवश्यक केला, आणि १९०८ च्या नोंदणी कायद्याने आजची नोंदणीपद्धती स्थिर केली. मात्र या पद्धतीत नोंद होते ती दस्ताची, हक्काची नव्हे. दस्त करून देणारा तोच माणूस आहे की नाही, हे नोंदणी अधिकारी पाहतो. विकण्याचा हक्क त्यास आहे की नाही, याचा निवाडा करणे हे त्याचे काम नाही. १८५८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या टॉरेन्स पद्धतीत सरकारी नोंदवहीतील नाव हाच हक्काचा आधार मानला जातो. भारतात ती पद्धती सर्वसाधारणपणे स्वीकारली गेली नाही.

सारा भरणारा आणि हक्कदार यांतील अंतर भरून काढण्यासाठी १९०३ मध्ये हक्कनोंदणीचा स्वतंत्र कायदा झाला. १९१३ मध्ये त्याच्या तरतुदी महसूल संहितेत समाविष्ट झाल्या. स्वातंत्र्योत्तर काळातील १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेही तेच सूत्र पुढे चालविले. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख, बारा ही पिकांची नोंदवही आणि सहा हा फेरफार. फेरफाराची नोंद झाल्यावर हितसंबंधितांस नोटीस जाते, हरकत ऐकली जाते व मगच नोंद प्रमाणित होते. संहितेच्या कलम १५७ अन्वये प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी समजली जाते. या शब्दांतच तिचे बळ आणि तिची मर्यादा सामावलेली आहे. महसुली नोंदीने हक्क निर्माण होत नाही वा नष्टही होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या सावर्णी विरुद्ध इंदर कौर या निर्णयात सांगितले आहे. तरीही लोकव्यवहारात सात-बारा म्हणजेच मालकी, ही समजूत दृढ झालेली दिसते. तिची किंमत खरेदीदारास मोजावी लागते.

स्वातंत्र्यानंतरच्या सुधारणा-कायद्यांनी या तपासणीस आणखी एक परिमाण दिले. १९४८ च्या मुंबई कुळकायद्याच्या दुरुस्तीने पश्चिम महाराष्ट्रात सामान्यतः १ एप्रिल १९५७ रोजी कुळाने जमीन खरेदी केल्याचे मानण्यात आले. अशा जमिनीच्या विक्रीवर कलम ४३ ने निर्बंध घातले, जे पुढे काही अटींवर शिथिल झाले. मराठवाडा व विदर्भ यांसाठी कुळकायदे वेगळे होते. वतने खालसा होऊन जमिनी नवीन शर्तीवर परत मिळाल्या. परिणामी विक्रेता निःसंशय धारक असला, तरी परवानगीवाचून त्यास विकता येईलच असे नाही. भोगवटादार वर्ग एक की दोन, आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात काय लिहिले आहे, हे म्हणूनच नावाइतके महत्त्वाचे ठरते. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत कन्येचा सहदायाद म्हणून जन्मसिद्ध हक्क मान्य झाला. सासरी नांदणाऱ्या बहिणीचे नाव उताऱ्यावर नसले, तरी तिचा हिस्सा त्यामुळे लोपत नाही.

या पार्श्वभूमीवर हक्काच्या शोधाची प्रचलित रीत पाहिली असता तिचे अंतरंग उलगडते. आजच्या उताऱ्यावर न थांबता त्यावरील प्रत्येक फेरफाराचा क्रमांक धरून मागे जावे लागते, आणि नाव खरेदीने आले, वारसाने आले की वाटपाने, हे मूळ दस्तांशी ताडून पाहावे लागते. नोंदणी कार्यालयातील सूची क्रमांक दोनचा शोध सामान्यतः तीस वर्षांचा घेतात. या मुदतीस १९६३ च्या मुदत कायद्याशी मेळ आहे, कारण गहाण सोडविण्याच्या दाव्यास त्यात तीस वर्षांचा अवधी दिला आहे. प्रलंबित दाव्यांची चौकशी होते, भूमिअभिलेख खात्याकडून मोजणी होते, प्रत्यक्ष ताबा कोणाचा हे पाहिले जाते. ही शेवटची बाब विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जमिनीवर तिसराच माणूस वहिवाट करीत असेल, तर त्याच्या हक्काची जाणीव खरेदीदारास होती असे हस्तांतरण कायदा मानतो. न पाहिल्याची सबब तेथे चालत नाही. अखेरीस वृत्तपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागविल्या जातात.

बारकाईने पाहिले असता या निरनिराळ्या कृतींत जुन्या गोतसभेचीच अंगे विखुरलेली आढळतात. जाहीर नोटीस म्हणजे गोतास दिलेली हाक; ताब्याची चौकशी म्हणजे शेजाऱ्याची साक्ष; मोजणी म्हणजे चतुःसीमा; दस्तांची साखळी म्हणजे जुनी पत्रे. भेद इतकाच की पूर्वी ही अंगे एकत्र आणण्याचा भार गावावर होता, आज तो खरेदीदारावर आहे. शिवाय वृत्तपत्रातील नोटीस जिच्यासाठी द्यावयाची त्या बहिणीच्या दृष्टीस ती पडेलच, याची शाश्वती नाही. गोतास हाक मात्र ऐकू येत असे.

अलीकडे अभिलेख संगणकावर आल्याने उतारा क्षणार्धात हाती येतो; ही सोय लहान नाही. पण अभिलेख मिळण्याची गती वाढली म्हणून त्याचे स्वरूप पालटत नाही. विंगेटच्या काळी नंबरापुढे लिहिलेले नाव ज्या प्रश्नाचे उत्तर होते तो प्रश्न साऱ्याचा होता, आणि खरेदीदाराचा प्रश्न हक्काचा आहे. दोहोंतील हे अंतर ओळखणे, हीच जमीन घेण्यापूर्वीच्या तपासणीची पहिली पायरी होय.