भिंतीवरचा पहिला हात

अमेरिकेतल्या व्हर्जिनियामध्ये १९२०च्या दशकाच्या अखेरीस रॉकफेलर यांच्या पैशातून विल्यम्सबर्ग या जुन्या राजधानीचा जीर्णोद्धार सुरू झाला. घरांचे मूळ रंग शोधायची तेव्हाची रीत साधी होती. चाकूने पापुद्रे खरवडत लाकडापर्यंत जायचं आणि तळाशी जे दिसेल त्याच्याशी जुळणारा रंग कालवायचा. सुसान हिगिन्सन नॅश यांनी हे काम फार निष्ठेने केलं. त्यातून निघालेल्या राखाडी हिरव्या आणि मातकट निळ्या छटा पुढे देशभरातल्या घरांनी उचलल्या, आणि जुनं ते फिकंच असणार अशी समजूत पक्की झाली.

खोट होती ती रंगातल्या तेलात. वरून नवे हात चढून उजेड बंद झाला की जवसाचं तेल पिवळं पडत जातं, त्यामुळे खालचा निळा हिरवट दिसू लागतो. जंगाल, म्हणजे तांब्यापासून केलेला झगझगीत हिरवा, तर काळाबरोबर तपकिरी होतो. चाकूखाली सापडत होतं ते रंगाचं म्हातारपण.

फिलाडेल्फियाच्या इंडिपेन्डन्स हॉलमध्ये काम करणाऱ्या पेनेलोपी बॅचेलर यांनी थर वाचण्याला शिस्त आणली. १९६८ साली त्यांची या विषयावरची पुस्तिका निघाली. त्यानंतर सूक्ष्मदर्शक या कामात रुळला. खालच्या लाकडासकट एक बारीकसा कपचा काढायचा, पारदर्शक राळेत बसवायचा, घासून गुळगुळीत करायचा आणि त्याची कड पाहायची. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती दोन थरांमधली काळी रेघ. शेकोटीची, मेणबत्त्यांची काजळी ती. रेघ असेल तर खालचा थर काही काळ उघडा होता, लोक त्या रंगात राहिले होते. ती नसेल तर तो बहुधा नुसता अस्तराचा हात. अतिनील प्रकाशात व्हार्निश वेगळं उजळतं. मूळ रंगद्रव्य कोणतं, हे कणांवरून ओळखता येतं.

या वाचनातून जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्ननमधल्या लहान जेवणघराचा लखलखीत जंगाली हिरवा बाहेर आला. पाहणारे दचकले. पण त्या काळी भडक रंग महाग पडत, आणि ऐपत दाखवायला भिंतीसारखी दुसरी जागा नव्हती. मॉन्टिसेलो या जेफर्सन यांच्या घरातलं जेवणघर वर्षानुवर्षं निळं होतं. २०१०मध्ये ते पुन्हा जेफर्सन यांच्या काळासारखं झगझगीत क्रोम पिवळं झालं.

मूळ रंग ओळखला तरी तो जसाच्या तसा करता येतोच असं नाही. जुन्या तैलरंगांचा पाया सफेदा, म्हणजे शिशाचा पांढरा. घरगुती रंगांतल्या शिशावर अमेरिकेत १९७८पासून बंदी आहे, म्हणून त्याच्या जागी बहुतेकदा टायटॅनियमचा पांढरा येतो. तो जास्त झाकतो. सफेद्याची ऊब आणि किंचित पारदर्शकपणा त्याला नाही.